डब्यातला बंदा रुपया

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात एखादा गड किंवा एखादी राणी असावी. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविलेल्या बाईकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या ओटीवर तीन दुपारी जो इतिहास पसरला होता तो गडावरचा नव्हता. तो एका पितळी डब्यातून निघाला होता. तोच येथे सांगते, कारण तसले डबे आपणां बऱ्याच जणींच्या घरी माळ्यावर किंवा देवघराच्या खालच्या फडताळात असतील.

आमच्या शेजारच्या वहिनींचीच ही गोष्ट. नाव लिहीत नाही, पण लिहिण्यास त्यांची परवानगी आहे. नातीला औषधनिर्माणाच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आणि फीची जुळवाजुळव चालू होती. त्या सुमारास वहिनींच्या मोबाइलवर कोणाचा तरी निरोप आला. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे तुमच्याजवळ असेल तर पाच लाख रुपये मिळतील! वहिनींच्या पर्समध्ये ते होते. असणारच, कारण २०१२ सालचे हे नाणे स्मारक-नाणे असले तरी ते सर्रास व्यवहारात आलेले आहे. भाजीवाल्याकडून सुट्ट्यांतसुद्धा मिळते. पलीकडच्या गृहस्थाने आधी नोंदणीचे म्हणून दोन हजार शंभर मागितले, मग कर म्हणून साडेआठ हजार. ते पोहोचल्यावर त्याचा फोन लागेनासा झाला. वहिनींनी हे घरात कोणास सांगितले नाही. मला सांगितले तेही महिन्याभराने, आणि तेसुद्धा डब्याच्या निमित्ताने.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर निवेदन काढून सांगितले होते की, जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसले शुल्क वा दलाली घेत नाही आणि आपल्या नावाने तसे करण्यास कोणाला नेमलेही नाही. पण असली निवेदने आपल्यापर्यंत येत नाहीत, अफवा मात्र येतात. ह्याच आपल्या गावात दहा रुपयांचे नाणे 'चालत नाही' म्हणून दुकानदार परत करीत होते ना! शेवटी जानेवारी २०१८ मध्ये बँकेला सांगावे लागले की, दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि ते चौदाही चालतात. चालते नाणे नाकारावयाचे आणि साध्या नाण्यासाठी लाखांची स्वप्ने पाहावयाची, दोन्हींचे मूळ एकच. आपण नाणे मोजतो, वाचत नाही.

आता डब्याकडे वळते. वहिनींच्या आईने मरताना त्यांच्या हाती दिलेला तो डबा. आत सदतीस रुपये, थोडी चिल्लर आणि काही तांब्याचे ढबू. फसवणुकीने गेलेले पैसे भरून काढावेत म्हणून वहिनींनी दारावर आलेल्या मोड घेणाऱ्याला तो दाखविला. त्याने वरवर चाळून सांगितले, "बाई, हे सगळे लढाईतले रुपये. निम्मी चांदी, निम्मी भेसळ. एकाच भावाने सगळे घेतो." भाव ऐकून वहिनींना तो बराही वाटला होता. परंतु दुधाने तोंड पोळलेले, त्या ताकही फुंकून पिणार! "बाई, तुम्ही इतिहास शिकवलात, एकदा बघता का?" म्हणून त्या डबा घेऊन माझ्याकडे आल्या.

इतिहास शिकविणे वेगळे आणि नाणे पारखणे वेगळे. पण नाण्यांची पुस्तके चाळण्याची हौस मला पहिल्यापासून आहे. शिवाय माझी स्वतःची एक चूक होती, ती पुढे सांगेन. मी घरातला सोन्याचा छोटा तराजू काढला, भिंग काढले आणि आम्ही चटई अंथरून बसलो.

प्रथम ह्या रुपयाचे कूळ सांगावयास हवे. आपल्या पणज्यांच्या पणज्यांच्या काळी रुपया हा एक नव्हता. पुण्याकडे अंकुशी रुपया, नाशिककडे चांदवडचा चांदवडी, निजामाच्या मुलखात हाली सिक्का, अशी गावागणिक नाणी. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ त्याची पारख करून काही कापून घेई, तो बट्टा. आजही आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो तेथला. कंपनी सरकारने १८३५ साली कायदा करून सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हे प्रमाण १८३५ पासून १९४० पर्यंत, चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जपर्यंत, बदलले नाही. मुखवटे बदलले, चांदी तीच राहिली. 'बंदा रुपया' म्हणतात तो हा. फरशीवर टाकला की खणखणीत वाजे. खोटा असला की बद्द वाजे. माझ्या सासूबाई सुनेच्या माहेरच्या माणसांनाही ह्याच दोन शब्दांनी तोलीत असत. असो.

वहिनींच्या डब्यातले सर्वांत जुने दोन रुपये १८६२ सालचे, व्हिक्टोरिया राणीचे. आता गंमत पाहा. ह्या सालाचे रुपये ठिकठिकाणी पुष्कळ आढळतात, कारण १८६२ पासून १८७३ पर्यंत जे रुपये पाडले त्या सर्वांवर १८६२ हेच साल घातलेले आहे. मुंबईच्या टांकसाळीने मात्र वर्षावर्षाची ओळख पटावी म्हणून नक्षीत बारीक ठिपके घातले. १८७४ पासून दर वर्षाचे साल येऊ लागले. तेव्हा '१८६२, दीडशे वर्षांपूर्वीचे, म्हणजे लाखाचे' असे कोणी म्हणाले तर हसून सोडून द्यावे. ते साल बारा वर्षे पुरविलेले आहे. मात्र ठिपके भिंगाखाली मोजणारे हौशी लोक आहेत आणि एखाद्या दुर्मीळ ठिपक्याला ते वेगळे मोल देतात. राणीच्या नावाकडेही पाहावे. १८७६ पर्यंत ती 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. दिल्लीला दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले ते ह्याच साली. ज्या वर्षी दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती त्याच वर्षी नाण्यावरच्या बाईची पदवी वाढली, हे मी वर्गात नेहमी सांगत असे.

जुने म्हणजे मौल्यवान हा समज मोडावयास एवढे एक उदाहरण पुरे आहे. नाणे किती जुने ह्याहून ते किती पाडले, त्यांपैकी किती वितळले आणि उरलेले कोणत्या स्थितीत हाती आले, ह्यावर त्याचे मोल ठरते. दुसऱ्या दुपारी ह्याचाच दाखला मिळाला. चिंधीत गुंडाळलेला एक रुपया निघाला, त्यावर पंचम जॉर्ज आणि साल १९११. भिंग माझ्या हातात थरथरले, ह्याचे कारण सांगते.

पंचम जॉर्जच्या पहिल्या वर्षाच्या ह्या रुपयावर राजाच्या अंगावर झगा आणि गळ्यात एका मानाच्या पदकाची साखळी आहे. त्या साखळीत एक बारीकसा हत्ती आहे. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. राजाच्या छातीवर डुक्कर! मुसलमान समाजात त्यामुळे फार क्षोभ झाला. सरकारने ते रुपये मागे घेऊन बरेचसे वितळविले आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती कोरला. म्हणून १९११ चा रुपया १९१२ किंवा १९१३ च्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. एक वर्षाचे अंतर, चांदी तीच, वजन तेच. फरक एका तिळाएवढ्या हत्तीचा.

असाच एक १९११ चा रुपया माझ्या घरी होता. सासूबाईंच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटातला. काळवंडलेला, अंगावर निळसर-राखी झाक चढलेला. लग्नानंतरच्या माझ्या दुसऱ्या दिवाळीत त्यांनी मला ताट घासावयास सांगितले आणि मी नव्या सुनेच्या उत्साहाने चिंच, मीठ आणि वर रांगोळी लावून तो असा घासला की राजाच्या दाढीचे केसही गेले आणि तो हत्तीही. रुपया आरशासारखा लखलखला. सासूबाईंनी शाबासकी दिली. पुढे चाळीस वर्षांनी पुण्याला एका नाण्यांच्या प्रदर्शनात मी तो हौसेने दाखविला. तेथल्या वृद्ध गृहस्थाने भिंग लावले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "कोणी घासला?" चांदीच्या भावापलीकडे त्यास आता काही मोल उरलेले नव्हते. नाण्यावर काळाने चढणारी ती झाक म्हणजे मळ नव्हे. ती त्याची कातडी असते. भगिनींनो, धनत्रयोदशीला भांडी जरूर घासा, नाणी घासू नका. फारच माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपावे, बोटाने चोळूसुद्धा नये. आणि त्यांस कडी तर मुळीच लावू नये. वहिनींच्या आईने पाच रुपयांना कडी लावून गळ्यात घातले होते. डाक लावल्याच्या खुणा राहिल्या. पूर्वी बायका असेच करीत. आपली पुतळ्यांची माळसुद्धा मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आलेली आहे. दागिना म्हणून ते शोभून दिसते, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने कडी लावलेले नाणे म्हणजे कान टोचलेले पुस्तक.

आता मोड घेणाऱ्याच्या म्हणण्याकडे येते. 'लढाईतले रुपये, निम्मी चांदी' हे तो अगदीच खोटे बोलला नव्हता. हे कळण्यासाठी दोन महायुद्धांचा इतिहास थोडा आठवावा लागेल.

पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव असा चढला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग झाली. लोक रुपये आटवू लागले. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली आणि १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची. चांदीची दुआणी १९१७ पर्यंत होती, १९१८ पासून ती निकेलमिश्रित चौकोनी झाली. पावली आणि अधेलीही १९१९ मध्ये तशा धातूच्या काढल्या, पण अधेली थोड्याच वर्षांत मागे घ्यावी लागली. १९१९ व १९२० सालांची ती आठ आण्यांची गोल, पांढरी, चांदी नसलेली अधेली कोणाच्या डब्यात असेल तर ती मात्र बाजूला काढून ठेवावी. चांदीच्या अधेलीपेक्षा ती दुर्मीळ. आमच्याकडे ती निघाली नाही. दोघींनी चिल्लर तीनदा चाळली.

दुसरे महायुद्ध पेटले तसे पुन्हा लोकांनी रुपये घरात दडविण्यास आरंभ केला. ह्या वेळी सरकारने चांदीच कमी केली. १९४० साली आधी पावली, मग अधेली आणि वर्षाच्या शेवटी रुपया, ह्यांतील चांदी बारांपैकी अकरा भागांवरून थेट निम्म्यावर आली. बाकीचे तांबे, निकेल व जस्त. वजन मात्र तेच, एक तोळा! आकारही तोच, वरचा राजाही तोच. म्हणून तराजूत दोन्ही रुपये सारखे भरतात आणि तेथेच बायाबापड्या फसतात. ओळखावे कशावरून? सालावरून. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज ह्यांचे सर्व रुपये आणि सहाव्या जॉर्जचे १९३८ व १९३९ चे, ही बंदी चांदी. १९४० ते १९४५ चे निम्मी. शिवाय बहुतेक निम्म्या चांदीच्या रुपयांच्या कडेला नुसते उभे दाते नसून मध्ये खाच घालून आत नक्षी केलेली असते, खोटी नाणी करणाऱ्यांना ती साधू नये म्हणून. नखाने चाचपले तरी कळते.

मग जुन्या बंद्या रुपयांचे काय झाले? १९४१ पासून १९४३ पर्यंत एकेका राजाचे रुपये चलनातून बाद करीत सरकारने ते गोळा केले. ज्यांनी परत केले त्यांचे वितळले, ज्यांनी डब्यात ठेवले त्यांचे राहिले. युद्धात नाणी पाडावयास अमेरिकेकडून वीस कोटी औंसांहून अधिक चांदी उसनी आणली होती. ती फेडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर ह्याच निम्म्या चांदीच्या रुपयांना आटवून चांदी काढण्यात आली. आपल्या आजीच्या कनवटीचे रुपये अशा रीतीने समुद्रापलीकडे गेले आहेत.

आम्ही छत्तीस चांदीचे रुपये सालावार मांडले. सदतिसावा निकेलचा निघाला. बंदे एकवीस, निम्मे पंधरा. हिशेब मी पाटीवर केला, जुनी सवय. बंद्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, निम्म्यात ५.८३. एकवीस बंद्यांची झाली सुमारे साडेचोवीस वर दोनशे, पंधरांची साडेसत्त्याऐंशी, मिळून जवळजवळ ३१२ ग्रॅम. मोड घेणाऱ्याच्या हिशेबाने सगळे निम्मे धरले तर २१० ग्रॅम. म्हणजे १०२ ग्रॅम, पावणेनऊ तोळे चांदी तो फुकट नेणार होता. झिजलेल्या नाण्यांत थोडे कमी भरेल हे खरे, पण पावणेनऊ तोळ्यांची झीज होत नसते! वहिनी पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आई म्हणायची, खालचे वेगळे ठेव, वरचे वेगळे ठेव. मी एकत्र केले." त्यांच्या आईला शाळा ठाऊक नव्हती, पण भेद ठाऊक होता.

१९३९ च्या रुपयाविषयी एक शब्द. हा बंद्या चांदीचा शेवटचा रुपया आणि तो खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच त्याच्या नकला बाजारात फार आहेत, आणि सालाचा शेवटचा आकडा कोरून बदलणारे कारागीरही आहेत. १९३९ चा रुपया कोणी दाखविला तर आकड्याभोवतीची जमीन भिंगाने पाहावी. खरडल्याची खूण असली की उठून यावे.

निकेलच्या रुपयाची गंमत वहिनींच्या नातीने केली. तिने फ्रीजवरचे लोहचुंबक आणून लावले, तर तो रुपया टपकन चिकटला. "आजी, हा खोटा!" ती म्हणाली. खोटा नव्हे. १९४७ सालचा, मागे वाघ असलेला हा रुपया शुद्ध निकेलचा आहे, आणि निकेल चुंबकाला चिकटते. चांदी मात्र कधी चिकटत नाही; चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला तर तो निश्चित खोटा. ह्या वाघाच्या रुपयाबद्दल कसल्या कसल्या बातम्या ऐकू येतात. तो गोड दिसतो, पण दुर्मीळ नाही. निम्म्या चांदीच्या एका रुपयावर इंग्रजी 'एल' अक्षर सापडले. ती लाहोरच्या टांकसाळीची खूण. १९४३ च्या सुमारास तेथे नाणी पडू लागली आणि चार-पाच वर्षांत ती टांकसाळ दुसऱ्या देशात गेली. तेही नाणे महाग नव्हे. मी मात्र ते बराच वेळ हातात धरले.

चिल्लरीत भोकाचा पैसा होता. १९४३ ते १९४७ ह्या काळातला, तांब्याची बचत म्हणून मधोमध मोठे भोक पाडलेला. लोक त्यांचे वायसर करून नळाला लावीत, इतके ते हुबेहूब. त्याशिवाय १९५० च्या मालिकेतला घोड्याचा पैसा आणि बैलाचा आणा. १५ ऑगस्ट १९५० ला राजा जाऊन नाण्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले ते हे. आणि नये पैसे, पुष्कळ नये पैसे. १ एप्रिल १९५७ ला ते आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आण्याला सव्वासहा नये पैसे होतात, पण सव्वा पैसा द्यावयाचा कसा? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस, असे तक्ते दुकानांतून लागले होते. एक आण्याची कोथिंबीर चार वेळा घेतली तर चोवीस आणि एकदम घेतली तर पंचवीस! आईने त्या एका पैशासाठी भाजीवालीशी घातलेला वाद मला अजून ऐकू येतो. 'नया' हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. ही नाणी भावनेने ठेवावीत, पैशासाठी नव्हे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली म्हणून ती एकदम मौल्यवान झाली असेही नाही.

तांब्याच्या ढबूंत दोन शिवराया निघाल्या आणि वहिनींनी त्या बाजूला ठेवल्या होत्या ओझे म्हणून! छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ही तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. पुढे ती दोनशे वर्षांहून अधिक काळ ह्या ना त्या रूपात चालत राहिली. पेशवाईतल्या, अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या शिवरायांना दुदांडी म्हणतात. आमच्या दोन्ही दुदांडीच होत्या. अशा असंख्य आहेत, त्यामुळे त्यांचे पैसे फार नव्हेत. महाराजांच्या स्वतःच्या काळातली, नीट अक्षर असलेली शिवराई वेगळी, आणि सोन्याचा होन तर जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

तिसरे एक तांब्याचे नाणे वहिनींनी फार जपून, हळदकुंकू लावून ठेवले होते. एका बाजूस रामपंचायतन, दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८'. असली नाणी 'तांदूळ ओढणारी' म्हणून लाखाला विकणारे भामटे आहेत. हे नाणेच नव्हे. कंपनीने रामाची मूर्ती असलेला अर्धा आणा कधी पाडला नाही, आणि कंपनीचा हा अर्धा आणा सुरू झाला तोच १८३५ साली. १८१८ हे साल आपल्याला पेशवाई बुडाल्याचे म्हणून पाठ आहे, तेच नेमके त्यांनी उचलले. यात्रेत विकावयासाठी केलेली ही टांक. वहिनींना सांगताना मला वाईट वाटले. त्यांनी ती पुन्हा देवघरात ठेवली. "रामच आहे ना," म्हणाल्या. त्यास माझी काय हरकत असणार?

तुमच्या आजच्या पर्समधल्या नाण्यांविषयीही विचारणा होते, म्हणून थोडे लिहिते. सालाच्या खाली पाहा. चौकट असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. मध्यंतरी नाण्यांचा तुटवडा पडला तेव्हा परदेशांतूनही नाणी पाडून आणली होती. १९९९ च्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्कोच्या टांकसाळीची रशियन अक्षरे आहेत. एखादे नाणे दोनदा ठसा बसलेले, चित्र एकीकडे सरकलेले असे चुकीचे निघते, तेही हौशी लोक घेतात. दुधाच्या हिशेबाची चिल्लर महिन्यातून एकदा ताटात पसरून पाहावी, मुलांना फार मजा वाटते. लाख मिळतील ही आशा मात्र धरू नये.

काही विकावयाचे असलेच तर दोन-तीन ठिकाणी दाखवून, वजन आपल्यासमोर करवून, मगच विकावे. आधी पैसे मागणाऱ्याशी बोलूच नये. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. एकदा जाऊन खरे नाणे डोळ्यांनी पाहून आलात तर खोटे आपोआप खटकू लागते. आणि पाया खणताना किंवा शेतात नांगरताना मडके सापडले तर ते गुपचूप वाटून घेऊ नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन कलेक्टरांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यासही १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना आजीचा रुपया पिशवीत टाकू नये.

वहिनींनी काय केले ते सांगते. पंधरा निम्मे रुपये आणि कडी लावलेले पाच बंदे त्यांनी पेठेतल्या सराफाकडे, मला बरोबर घेऊन, त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने दिले. सराफाने एक रुपया कापून आटवून पाहण्याचे म्हटले, तर वहिनींनी पाटीवरचा हिशेब पुढे केला. तो हसला आणि भाव मान्य केला. चिंधीतला १९११ चा रुपया कोणी घासलेला नव्हता. त्यास पुण्याच्या एका संग्राहकाने चांदीहून बरेच अधिक दिले. फीचा पहिला हप्ता भरला गेला. फसवणुकीची तक्रार पोलिसांत केली आहे. ते पैसे आलेले नाहीत.

उरलेले पंधरा बंदे रुपये पुन्हा डब्यात गेले, ह्या वेळी एकेक वेगळ्या कागदात गुंडाळून आणि कागदावर साल लिहून. भोकाचा पैसा नातीने मागून घेतला. तिच्या कॉलेजच्या पिशवीचे बटण तुटले होते, तेथे तिने तो दोऱ्याने शिवला आहे.